केळीचे घड, पांझरेचे फड

मराठीच्या प्राध्यापकाला अध्यक्षस्थान नवे नसते. गणेशोत्सव, वाचनालयाचा वर्धापनदिन, वक्तृत्वस्पर्धा, एखाद्या होतकरू कवीच्या पहिल्या संग्रहाचे प्रकाशन. कोठेही ठरलेला पाहुणा ऐन वेळी आला नाही, की आमची आठवण होते. म्हणून गेल्या जानेवारीत विज्ञान शाखेची चार मुले आमच्या खोलीच्या दारात उभी राहून ‘‘सर, आमच्या परिषदेचे अध्यक्ष व्हाल का?’’ असे म्हणाली, तेव्हा विषय न विचारताच मी होकार देऊन बसलो. विषय नंतर कळला. विषय होता विमागणित.

आता हे विमागणित म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी लाजू नये, मलाही नव्हते. माणूस केव्हा मरेल, घराला आग केव्हा लागेल, पीक केव्हा बुडेल, हे कोणालाच सांगता येत नाही. पण दहा हजार माणसांपैकी या वर्षी साधारण किती मरतील, हे सांगता येते. त्यावरून प्रत्येकाकडून किती हप्ता घ्यावा म्हणजे मेलेल्यांच्या घरी ठरलेली रक्कम पोहोचेल आणि तिजोरीही रिकामी होणार नाही, हे ठरवण्याचे जे शास्त्र, ते विमागणित. थोडक्यात, ज्योतिषी एकाचे भविष्य सांगतो आणि ते चुकते. विमागणितज्ञ हजारांचे सांगतो आणि ते बहुधा जमते. फरक एवढाच, की हजारांमधला तुमचा नंबर कितवा, हे तो सांगत नाही.

‘‘अरे, पण मला शालान्त परीक्षेत गणितात दीडशेपैकी अठ्ठावन्न गुण होते,’’ मी म्हटले.

‘‘चालेल सर,’’ त्यांच्यातली चश्मा लावलेली मुलगी म्हणाली, ‘‘आकडे आमच्याकडे आहेत. शब्द नाहीत.’’

प्रकार असा होता. आमच्या जळगावातल्या संख्याशास्त्राच्या तीस विद्यार्थ्यांनी आपण होऊन एक दिवसाची परिषद भरवायची ठरवली होती. वर्गणी त्यांची, सतरंज्या त्यांच्या, निबंधही त्यांचेच. आणि अट अशी की सगळे निबंध मराठीत व्हायचे. कारण काही मुलांचे आईबाप ऐकायला येणार होते, आणि ते केळीचे बागाईतदार, एस.टी.तले वाहक, दाळमिलमधले हिशेबनीस असे होते. पोराने काय शिकले ते बापाला समजले पाहिजे, एवढी साधी गोष्ट. पण आमच्या विद्यापीठीय जगात ती फारशी कोणाला सुचत नाही. मी मनातल्या मनात त्या मुलांना नमस्कार केला आणि कामाला लागलो.

दोन संध्याकाळी आम्ही शब्द जुळवत बसलो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश काढले, मोल्सवर्थचा १८५७ चा कोश काढला. पुष्कळ शब्द आपल्या घरातच निघाले. ‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती. तेव्हा विमा उतरवणे म्हणजे आपली भीती दुसऱ्याच्या खांद्यावर थोडी थोडी उतरवणे! ‘जोखीम’ तर रोजच्या बोलण्यातला शब्द. आपल्या जुन्या सावकारीत ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. माल पाठवणारा व्यापारी माल पोहोचवायच्या ठिकाणच्या पेढीवर हुंडी काढी आणि ती सावकाराला विकी. माल सुखरूप पोहोचला तर हुंडी वटे. जहाज वाटेत बुडाले तर हुंडी बुडे आणि नुकसान सावकाराचे. अर्थात हे सगळे मनात धरूनच सावकार हुंडीची किंमत कमी देई. म्हणजे हप्ता आला, जोखीम आली, विमा आला. फक्त छापील अर्ज तेवढा नव्हता.

एकाच शब्दापाशी आमचे गाडे अडले. इंग्रजीत ज्याला ‘बेसिस रिस्क’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे? अर्थ असा, की नुकसान एका जागी होते आणि मोजले जाते दुसऱ्याच जागी. त्यामुळे ज्याचे बुडाले त्याला भरपाई मिळत नाही आणि ज्याचे काही बिघडले नाही त्याला कधी कधी मिळून जाते. मी ‘आधारभेद-जोखीम’ सुचवून पाहिले. चश्मा लावलेल्या मुलीने ते वहीत लिहून घेतले. पण तोंड असे केले, की एवढा कडू काढा देण्यापेक्षा आजार पत्करला. मी तिला विचारले, ‘‘तुला याच शब्दाची एवढी काळजी का?’’ ती म्हणाली, ‘‘माझा निबंध त्याच्यावरच आहे, सर. आणि आमचे आजोबा येणार आहेत ऐकायला.’’

ती रावेर तालुक्यातली होती. बाकीचे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी परिषद भरली. फळ्यावर रांगोळीच्या रंगांनी नाव लिहिले होते. पहिल्या रांगेत पालक मंडळी बसली होती. त्यांत मध्यभागी पांढरी टोपी, पांढरे धोतर, हातात काठी असे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी येताना केळीचा एक अख्खा घड आणला होता आणि तो टेबलाच्या पायाशी उभा करून ठेवला होता. अध्यक्षाच्या पुष्पगुच्छापेक्षा तो भारदस्त दिसत होता, हे मला कबूल केले पाहिजे.

पहिला निबंध इतिहासाचा होता. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्या एडमंड हॅले याने १६९३ साली ब्रेस्लौ या शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन वयावार मृत्यूचा तक्ता तयार केला. त्या काळी इंग्लंडचे सरकार लोकांना वर्षासने विकी, पण वीस वर्षांच्या तरुणाला आणि साठीच्या म्हाताऱ्याला एकच दर लावी. हॅलेने दाखवून दिले, की दर वयाप्रमाणे असला पाहिजे. पुढे जेम्स डॉडसन नावाचा एक गणिताचा शिक्षक लंडनमधल्या एका विमासंस्थेकडे गेला. तिने पंचेचाळीस वर्षांवरचा म्हणून त्याला परत पाठवले. तो चिडला आणि वयाप्रमाणे हप्ता घेणारी संस्था कशी काढता येईल याचे गणित मांडत बसला. ती ‘इक्विटेबल’ नावाची संस्था १७६२ साली निघाली खरी. पण डॉडसन १७५७ मध्येच वारला होता. मी स्वतः शेहेचाळीस वर्षांचा असल्यामुळे या शिक्षकाविषयी मला फारच आपुलकी वाटली.

त्याच मुलाने पुढे जे सांगितले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. आपल्या देशात विलायती विमा कंपन्या आल्या, तेव्हा त्यांचे तक्ते इंग्रजांच्या आयुष्यावरून केलेले होते. हिंदी माणसाचे आयुष्य त्यांच्या लेखी कमअस्सल. त्याचा विमा घ्यायचा तर जादा हप्ता पडे. १८७० साली मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ ही संस्था निघाली आणि तिने हिंदी लोकांना नेहमीच्या दराने विमा देण्यास सुरुवात केली. पुढे ‘ओरिएंटल’ कंपनीच्या विमेदारांच्या नोंदींवरून १९२५ ते १९३५ या वर्षांचा तक्ता तयार झाला, आणि आपल्या मरणाचे माप आपल्याच लोकांवरून घेतले गेले. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी नभोवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि १ सप्टेंबरला २४५ संस्था मिळून एक महामंडळ झाले. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणाऱ्या त्या गृहस्थांनी हेही काम केले आहे, हे आमच्या मराठीच्या वर्गात आम्ही कधी सांगत नाही. या वर्षापासून सांगणार आहे.

दुसरा निबंध निवृत्तिवेतनावर होता, आणि तो ऐकताना मी खुर्चीत जरा सावरून बसलो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत लागलेल्या माझ्यासारख्यांना जुने निवृत्तिवेतन लागू झाले नाही. पगारातून कापलेल्या आणि सरकारने घातलेल्या रकमेच्या साठ्यावर म्हातारपण काढायचे, अशी व्यवस्था आली. मार्च २०२३ मध्ये त्यावरून मोठा संप झाला, नंतर काही सुधारणाही झाल्या. पण मूळ मुद्दा त्या मुलाने एका वाक्यात सांगितला: ‘‘जुन्या पद्धतीत माणूस जास्त जगला तर खर्च सरकारचा; नव्या पद्धतीत माणूस जास्त जगला तर नुकसान त्याचे त्यालाच.’’ दीर्घायुष्याचा आशीर्वाद ही एक जोखीम आहे, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना आता जरा विचार करावा लागेल.

मग चश्मा लावलेली मुलगी उठली.

तिने सुरुवात थेट पिकापासून केली. माणसाच्या मरणाचा विमा सोपा, ती म्हणाली, कारण माणसे सहसा एकेक करून मरतात. पिके एकदम मरतात. पाऊस आला नाही की तालुक्याच्या तालुका बुडतो. म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० सालीच एक पुस्तक लिहून सुचवले होते, की प्रत्येकाचे शेत मोजत न बसता पावसाच्या मापावर शेतकऱ्याला भरपाई द्यावी. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७२ नंतर गुजरातेत एच-४ कपाशीवर प्रयोग सुरू झाला. त्यात एकेका शेतकऱ्याचे नुकसान वेगवेगळे मोजायचे होते. १९७८-७९ पर्यंत त्यात आले फक्त ३११० शेतकरी. हप्ते जमले ४ लाख ५४ हजार, आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. पहिल्या रांगेतले कपाशीवाले यावर एकमेकांकडे पाहून हसले. त्यांना आपल्याच जिनिंगचा हिशोब ऐकल्यासारखे वाटले असावे.

या घोटाळ्यातून वाट काढली ती आपल्या एका मराठी माणसाने. साताऱ्याला १९२० साली जन्मलेले, कलकत्त्याला संख्याशास्त्र शिकलेले, पुण्याच्या गोखले संस्थेतले प्राध्यापक वि. म. दांडेकर. १९७६ साली त्यांनी मांडले, की एकेका शेताऐवजी सगळा परिसर हेच माप धरावे. त्या परिसराची सरासरी ठरलेल्या उत्पन्नाखाली गेली, की त्यातल्या सर्व विमेदारांना सारख्या प्रमाणात भरपाई मिळावी. याने शेतोशेत फिरायला नको, आणि मुद्दाम पीक बुडवून कोणाचा फायदाही नको. कारण एकाने आपले शेत ओसाड टाकले म्हणून परिसराची सरासरी हलत नाही. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची, १९९९ ची, २०१६ ची, सगळ्या याच पायावर उभ्या राहिल्या.

‘‘आता आपली केळी,’’ ती म्हणाली, आणि पहिली रांग पुढे सरसावून बसली.

केळीचा विमा हवामानावर असतो. शेतकऱ्याचा हप्ता साधारणपणे विमा रकमेच्या ५ टक्के; उरलेला भार केंद्र आणि राज्य सरकार उचलतात. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असते. त्याने नोंदलेला आकडा म्हणजे त्या मंडळातल्या साऱ्या बागांचा आकडा. अटी वर्षावर्षाला बदलतात. ती ज्या वर्षाचे सांगत होती त्या वर्षी थंडीची अट होती, सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. तिने फळ्यावर एक नकाशा काढला. इकडे सातपुड्याचा पायथा, इकडे नाला, नाल्याच्या काठी खोलगट जमिनीत एक बाग. अकरा किलोमीटरवर मंडळाचे गाव, आणि गावात, घरांच्या दाटीजवळ, ते केंद्र. रात्री गार हवा जड होऊन खोलगट जागी साचते. घरांच्या भिंती दिवसाची ऊब धरून ठेवतात. म्हणून नाल्याकाठी जी थंडी पडते ती गावात पडत नाही, हे शेतात रात्री पाणी भरायला जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

‘‘पहिल्या दिवशी केंद्राने नोंदले ७.४, दुसऱ्या दिवशी ७.८, तिसऱ्या दिवशी ८.३,’’ तिने सांगितले. ‘‘बाग निसवायच्या बेताला आली होती. पाने पिवळी पडली, घड खोडातच अडकले. नाल्यापलीकडे दुसरे मंडळ लागते. तिकडच्या केंद्रावर तिन्ही दिवस आठच्या खाली गेले. तिकडे भरपाई मिळाली. अलीकडे नाही. ही बाग आमच्या आजोबांची आहे.’’

तिचा आवाज कोठेही कापला नाही. ती पुढे म्हणाली, ‘‘कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. नियम नियमाप्रमाणे चालला. दांडेकर सरांचे गणितही बरोबर आहे. या चुकीला शास्त्रात एक नाव आहे.’’ आणि माझ्याकडे चोरून पाहत तिने तो माझा कडू काढा सभेला पाजला: ‘‘आधारभेद-जोखीम.’’

सभा गप्प. शब्द कोणाच्या घशाखाली उतरला नाही. तेवढ्यात मधल्या खुर्चीतून काठी आपटल्याचा आवाज आला. आजोबा उभे राहिले होते.

‘‘पोरी, तुह्या ह्या हिशोबात माही केयी कुठी बसते?’’

ती म्हणाली, ‘‘बसत नाही, आबा. तेच सांगतेय. थंडी आपल्याकडे पडली आणि मोजली दुसरीकडे.’’

आजोबांनी क्षणभर विचार केला आणि सगळ्या सभेकडे वळून म्हटले, ‘‘म्हंजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! मंग असं सरळ सांग ना वं.’’

सभागृह हसून हसून फुटायचे बाकी राहिले. मी मात्र ओशाळलो. दोन संध्याकाळी, तीन कोश, एक एम.ए. पदवी, आणि जो शब्द लहानपणापासून आपल्या कानावर आहे तो मला आठवू नये! मुलीने तिथल्या तिथे फळ्यावरचा माझा शब्द पुसून ‘सोमेश्वरी जोखीम’ असे लिहिले. इतके नेमके पारिभाषिक नाव कोणत्याही समितीला सापडले नसते.

पण आजोबा बसले नाहीत. हसणे थांबल्यावर ते हळूच म्हणाले, ‘‘मास्तर, पैशाचं जाऊ द्या. पैसा येते, जाते. पन माह्या बागेत काय झालं हे मले ठाऊक, अन् कागद म्हनते झालंच नाही. याचं काय करायचं?’’

अध्यक्षांनी समारोप करायचा असतो. माझ्या खिशात आधी लिहून आणलेले भाषण होते. त्यात साहित्य आणि गणित यांच्या नात्यावर चार सुंदर वाक्ये होती. ती मी खिशातच ठेवली. त्या प्रश्नापुढे ती उघडायची मला लाज वाटली. मग मी माझ्या गावाचे सांगितले.

आमचे गाव धुळे जिल्ह्यातले, साक्री तालुक्यात, पांझरेकाठचे. पांझरेवर तीनचारशे वर्षांपासून बंधारे घालून पाट काढलेले आहेत, आणि त्या पाटांवर फड पद्धत चालत आली. भिजणाऱ्या जमिनीचे तीनचार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात दुसरे, आणि पाळीपाळीने पिकांची अदलाबदल. बहुतेकांचे तुकडे प्रत्येक फडात असत. पाणी सोडायला पाटकरी, शेतात फिरवायला बारेकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. नदीला पाणी कमी आहे असे दिसले, की लाभधारक जमून ठरवीत, या वर्षी अमुक फड भिजवायचा नाही. मग त्या फडातले सगळ्यांचेच तुकडे कोरडे राहत. एकाचेच सगळे बुडाले असे होत नसे. तूट सगळ्यांत वाटली जाई. पाट दुरुस्तीचे कामही ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणात. लहानपणी आजोबांबरोबर मी बंधाऱ्यावर जात असे. ते भिंतीवर उभे राहून पाण्याकडे नुसते पाहत आणि म्हणत, यंदा एवढेच. वाद होत, शिव्याही होत. पण पाणी किती आहे यावर वाद होत नसे, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे.

‘‘आबा,’’ मी म्हटले, ‘‘विमा हा काही कंपनीशी केलेला सौदा नव्हे, तो मोठा फड आहे. तूट वाटून घेण्याचा फड. आमच्या फडात आणि तुमच्या विम्यात फरक एकच. आमचे माप सगळ्यांना दिसत होते. तुमचे माप अकरा किलोमीटरवर एका खांबावर बसले आहे.’’

टाळ्या पडल्या, आणि मला जरा बरे वाटले. पण विद्यार्थ्यांच्या परिषदेत अध्यक्षाला फार वेळ बरे वाटू देत नाहीत. मागून धुळ्याकडचा एक मुलगा उठला. ‘‘सर, माफ करा. माझेही गाव पांझरेकाठीच आहे. आमनं वावर पाटना शेवटले शे. शेवटच्या शेतापर्यंत पाणी किती वेळा पोहोचत होते ते आमच्या आजीला विचारा. आणि ज्याची जमीनच नाही त्याला फडात वाटा कुठला? दुसरे असे, की पांझरा पूर्ण आटली तर सगळे फड एकदम कोरडे. तूट वाटून घ्यायला कोणाकडे काही उरतच नाही. म्हणून तर फड एका नदीपुरता ठेवून भागत नाही. कोकणात पाऊस चांगला झाला तर त्याचा हप्ता साक्रीला उपयोगी पडला पाहिजे. त्याकरताच विमागणित लागते.’’

मी त्याचे म्हणणे तेथेच मान्य केले. वरची धरणे, विहिरी आणि मोटारी आल्यापासून आमचे बरेच फड मोडले. आठवणीत ते आहेत त्याहून गोड झाले आहेत. वाटून घेणारे जितके जास्त आणि जितके दूरदूरचे, तितकी जोखीम हलकी. हे त्याचे खरे. पण मोजणारे माप जितके जवळचे, तितका विश्वास जास्त. हे आबांचे खरे. फड मोठा हवा आणि माप जवळ हवे. हॅलेपासून दांडेकरांपर्यंत सगळ्यांचे सगळे शास्त्र या दोन टोकांमध्येच ये-जा करत आले आहे. इंग्रजांच्या आयुष्याचे माप आपल्याला लावले गेले तेव्हा आपण आपला तक्ता केला. ते माप जवळ आणणेच होते. आता हवामानच असे बिघडत चालले आहे, की जुन्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधणे अवघड झाले आहे. अशा वेळी माप दूर ठेवले, तर हिशोब बरोबर येईल आणि माणूस चुकीचा ठरेल.

परिषदेने ठराव केला, तो अगदी साधा. मंडळाच्या केंद्राचा रोजचा आकडा त्या मंडळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा. आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी, आपापल्या शेतात, तापमानाची नोंद स्वतः ठेवावी. या नोंदीने भरपाई मिळणार नाही, हे मुलीने स्पष्ट सांगितले. पण चारपाच हिवाळ्यांच्या वह्या जमल्या, तर केंद्र कोठे असावे आणि किती असावीत, याबद्दल निदान बोलता तरी येईल. आज बोलायला आपल्याजवळ फक्त ‘मले ठाऊक’ एवढेच आहे. ठाऊक असणे पुरत नाही. ते लिहिलेले असावे लागते. हे वाक्य तिचे, आणि ते मी माझ्या वर्गात वापरतो.

आजोबांचा केळीचा घड चहाबरोबर संपला. तो नव्या बागेतला होता. जमाखर्चात खजिनदाराने ‘केळी, एक घड, जमा’ असे लिहिले आणि किमतीच्या रकान्यात रेघ ओढली.

पुढच्या आठवड्यात तोच खजिनदार माझ्याकडे आला. परिषदेला १९२० रुपयांची तूट आली होती. संख्याशास्त्राचीच मुले ती. तूट कशी वाटावी यावर त्यांनी म्हणे दोन तास वाद घातला. कोणी म्हणाला, ज्याने जास्त केळी खाल्ली त्याने जास्त द्यावे. कोणी म्हणाला, निबंध वाचणाऱ्यांना सूट द्यावी. शेवटी सारखी वाटणी ठरली. मुले तीस, अध्यक्ष एक.

‘‘मग एकतीस झाले,’’ मी म्हटले.

‘‘बत्तीस, सर. आबांनी हट्ट धरला. म्हणाले, ‘बसलो तर फडातच बसीन.’ बत्तीस गुणिले साठ.’’

सोबत त्याने पूर्ण जमाखर्च आणला होता: सतरंज्या, खडू, चहा, रिक्षा, रांगोळीच्या रंगांचे पंचेचाळीस रुपये. मी एकेक रकाना वाचला आणि साठ रुपये काढून दिले. माझ्या पगारातून दर महिन्याला काही ना काही कापले जाते आणि ते कोठे जाते ते मी विचारत नाही. सगळा हिशोब डोळ्यांनी पाहून भरलेला हा माझा पहिलाच हप्ता.

या हिवाळ्यात नाल्याकाठच्या बागेत एक तापमापक टांगला जाणार आहे. वही मुलीने घेऊन ठेवली आहे. रोज पहाटे आकडा वाचायला उठायचे कोणी, असे मी तिला विचारले, तर ती म्हणाली, ‘‘आबा उठतात. ते तसेही उठतच होते, सर. फक्त लिहीत नव्हते.’’